मालाआधी माहिती

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि कालवे बंद केले. शहराच्या त्या भागात वीस लाखांहून जास्त माणसे राहत होती. त्यांचा कोळसा, पीठ, दुधाची भुकटी, औषधे, सगळे बाहेरून यायचे. मोकळे राहिले ते फक्त तीन हवाई मार्ग, प्रत्येकी वीस मैल रुंदीचे. दोनच दिवसांत अमेरिकी विमाने आणि त्यांच्या पाठोपाठ ब्रिटिश विमाने तिथून माल नेऊ लागली. जुलैच्या अखेरीस या कामाची सूत्रे मेजर जनरल विल्यम टनर यांच्याकडे आली आणि त्यांनी कापडगिरणीची पाळी चालावी तशी विमाने चालवली. ऐन कामात दर तीन मिनिटांनी एक विमान. उतरताना वैमानिकाचा अंदाज चुकला तर दुसरी संधी नाही; भरल्या मालासकट त्याने सरळ तळावर परतायचे, कारण मागचे विमान येऊन ठेपलेले असायचे. एप्रिल १९४९ मध्ये ईस्टरच्या एका दिवसात १,३९८ फेऱ्या झाल्या आणि सुमारे १३,००० टन कोळसा उतरला. ही वाहतूक सप्टेंबर १९४९ पर्यंत चालली. एकूण माल सुमारे २३ लाख टन, फेऱ्या पावणेतीन लाखांच्या वर.

या कामगिरीचा इतिहास वैमानिकांच्या नावाने लिहिला गेला आणि तो मान त्यांचाच आहे. पण आकाशातून असा ओघ लागलेला असताना जमिनीवर काय चालले होते, तेही पाहायला हवे. विमानात काय आहे, किती आहे, कुठून आले, कुणाकडे जायचे, हे मालाच्या यादीवरून कळते. जहाजवाले आणि विमानवाले तिला मॅनिफेस्ट म्हणतात. बर्लिनला येणाऱ्या मॅनिफेस्टचे नमुने वेगवेगळे होते, भाषा वेगवेगळ्या होत्या, प्रतींची संख्याही सारखी नव्हती. एका विमानाची यादी उलगडेपर्यंत पुढचे विमान माल घेऊन हजर.

अमेरिकी सैन्यातले मास्टर सार्जंट एडवर्ड गिल्बर्ट आणि मालवाहतूक सांभाळणारे त्यांचे सहकारी यांनी यावर जो उपाय काढला, तो आज ऐकायला अगदी साधा वाटतो. त्यांनी सगळ्यांसाठी एकच नमुना ठरवला. कोणती माहिती आधी, कोणती नंतर, किती आणि कशी, हे पक्के केले. एकदा ते पक्के झाले की यादी कागदावरच असायला हवी असे उरत नाही. ती टेलेक्सवरून जाते, रेडिओ-टेलिटाइपवरून जाते, फोनवरून वाचून दाखवली तरी चालते, कारण पलीकडच्या माणसासमोर तोच नमुना असतो आणि तो फक्त रकाने भरत जातो. विमान वाटेत असतानाच त्याची यादी बर्लिनमध्ये पोहोचू शकली. माल यायच्या आधी माहिती आली. पुढे कंपन्यांनी एकमेकींना संगणकावरून ऑर्डरी आणि बिले पाठवायला सुरुवात केली, तिच्या मुळाशी हेच आहे. या पद्धतीला आज जग ईडीआय म्हणते, इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज. तिचा आरंभ संगणकाच्या प्रयोगशाळेत न होता उपाशी शहराच्या धावपट्टीवर व्हावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे गरज खरी होती आणि वेळ नव्हता.

युद्धकाळातल्या युक्त्या शांततेत बहुधा विसरल्या जातात. ही टिकली, कारण गिल्बर्ट तिला सोबत घेऊन गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ड्युपाँ या रसायनकंपनीत होते. ड्युपाँचा माल टँकरमधून वाहून नेणाऱ्या केमिकल लीमन टँक लाइन्स या कंपनीबरोबर त्यांनी मालाच्या माहितीचे इलेक्ट्रॉनिक संदेश ठरवले आणि ते दोन कंपन्यांमध्ये जाऊ-येऊ लागले. १९६५ मध्ये हॉलंड-अमेरिका लाइन या जहाजकंपनीने अटलांटिकपलीकडे जाणारी मॅनिफेस्ट टेलेक्सने धाडायला सुरुवात केली. एक पान पोहोचायला साधारण दोन मिनिटे लागत. पलीकडे तो मजकूर चुंबकीय फितीवर उतरवून संगणकात भरला जाई. पुन्हा टंकलेखन नाही.

पुन्हा टंकलेखन नाही, या गोष्टीचे मोल समजायचे तर त्या काळच्या कचेरीत डोकवायला हवे. मोठ्या कंपन्यांकडे तोवर संगणक आले होते. खरेदी खात्याचा संगणक ऑर्डर छापे. कारकून ती पाकिटात घाली, टपाल ती पोहोचवी, पुरवठादाराचा कारकून पाकीट फोडे आणि आकडा न् आकडा आपल्या संगणकात पुन्हा भरे. माल निघाला की हीच वरात उलट दिशेने, बिलाच्या रूपात. प्रत्येक फेरीत चार दिवस आणि एखादी चूक. ५०० चे ५००० झाले की भांडण, पत्रव्यवहार, परत केलेला माल. परदेशी व्यापारात तर याहून कठीण. १९७१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत दिसले, की परदेशी जाणाऱ्या एका सरासरी खेपेमागे ४६ निरनिराळे कागद तयार होत आणि त्यांच्या मिळून ३६० प्रती.

ड्युपाँ आणि तिचा टँकरवाला या दोघांनी आपापसात ठरवले ते ठीक. पण टँकरवाल्याची इतर गिऱ्हाइके होती आणि ड्युपाँचा माल रेल्वेनेही जात होता. प्रत्येक जोडीने आपला वेगळा नमुना ठरवायचा म्हटले तर बर्लिनचा गोंधळ पुन्हा उभा राहणार, फक्त यंत्रांवर. म्हणून १९६८ मध्ये रेल्वे, ट्रक, विमान आणि जहाज या चारही वाहतुकींतल्या कंपन्यांनी वॉशिंग्टनमध्ये ट्रान्सपोर्टेशन डेटा कोऑर्डिनेटिंग कमिटी नावाची समिती स्थापन केली. गिल्बर्ट तिचे प्रमुख झाले. समितीने पहिला प्रमाण नमुना १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. सात वर्षे लागली! संगणकाच्या जगात सात वर्षे म्हणजे फार. पण काम संगणकाचे नव्हतेच. रेल्वेवाल्यांचा 'माल पोहोचला' आणि जहाजवाल्यांचा 'माल पोहोचला' या दोन वेगळ्या घटना असतात. वजन पौंडांत की टनांत, तारीख आधी महिना लिहून की आधी दिवस, पत्त्याला किती अक्षरे द्यायची, अशा शेकडो प्रश्नांवर एकमेकांच्या स्पर्धकांनी एका टेबलाशी बसून एकमत करायचे होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने याच कामासाठी एक्स-१२ नावाची समिती नेमली आणि वाहतुकीपुरते असलेले काम सगळ्या उद्योगांपर्यंत नेले. तिचे पहिले नमुने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे.

या नमुन्यांतला एखादा जवळून पाहावा. एक्स-१२ मध्ये प्रत्येक कागदाला तीन अंकी क्रमांक आहे. ८५० म्हणजे खरेदीची ऑर्डर, ८१० म्हणजे बिल, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ वर्दी. ऑर्डरमधली मालाची ओळ 'पीओ१' या खुणेने सुरू होते. मग एक तारकाचिन्ह, मग ओळीचा क्रमांक, पुन्हा तारका, ५००, तारका, 'ईए', तारका, ४.२५. वाचणारे यंत्र समजते: पहिली ओळ, ५०० नग, मोजायचे नगावर, दर ४.२५ डॉलर. 'कृपया' नाही, 'आपला विश्वासू' नाही. सगळ्या संदेशाभोवती एक पाकीट असते आणि त्याची पहिली ओळ बरोबर १०६ अक्षरांची असावी लागते, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या ओळखीला प्रत्येकी १५ जागा. ओळख आठच अक्षरांची असेल तर उरलेल्या सात जागा कोऱ्या सोडायच्या. संदेश मिळाला की घेणाऱ्याचे यंत्र ९९७ धाडते. ही नुसती पोच. पाकीट मिळाले, उघडले, व्याकरण बरोबर आहे, एवढेच ती सांगते. ऑर्डर मान्य आहे की नाही ते ८५५ सांगणार. टपालाने कागद धाडणाऱ्याला पोच आणि संमती यांतला हा फरक रोज जाणवत असे, पण तो असा वेगवेगळा लिहून ठेवायची सवय व्यापाराला या नमुन्यांनी लावली.

संदेश जायचे कसे? तेव्हा इंटरनेट व्यापाराला खुले नव्हते. जनरल इलेक्ट्रिक, आयबीएम, स्टर्लिंग अशा कंपन्या आपापली जाळी चालवत. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या जाळ्यात एक पेटी मिळे. खरेदीदाराचा संगणक फोनलाइनवरून ऑर्डरी त्या पेटीत टाकी, पुरवठादार आपल्या सोयीने मोडेम जोडून त्या उचलून घेई. आकार हजार अक्षरांच्या हिशेबाने. कोरी जागाही अक्षरच धरली जाई.

बँकांनी हे काम निराळ्या वाटेने केले होते. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ब्रसेल्सला स्विफ्ट ही सहकारी संस्था काढली आणि १९७७ मध्ये तिचे संदेश सुरू झाले. सभासद त्यातल्या त्यात बरोबरीचे होते, संस्था सर्वांच्या मालकीची होती, नमुना एकच राहिला. कारखानदारीत असे बरोबरीचे कुणी नव्हते. तिथे एका बाजूला जनरल मोटर्स आणि दुसऱ्या बाजूला चाळीस कामगारांचे वर्कशॉप.

म्हणून नमुने समित्यांनी लिहिले असले तरी त्यांचा प्रसार डेट्रॉइटने केला. १९७० च्या दशकात तेल महागले आणि जपानी मोटारी अमेरिकेच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. जपान्यांच्या कारखान्यात सुट्या भागांचे ढीग नसतात, लागेल तेव्हा लागेल तेवढेच येते, हे डेट्रॉइटला कळून चुकले. पण लागेल तेव्हा आणायचे तर काय लागेल ते पुरवठादाराला आधी कळले पाहिजे, आणि काय निघाले ते कारखान्याला माल यायच्या आधी कळले पाहिजे. टपालाने ते जमणार नव्हते. १९८२ मध्ये मोटारधंद्याने ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री ॲक्शन ग्रुप नावाची आपली संघटना काढली आणि त्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांनी पुरवठादारांना सांगायला सुरुवात केली की यापुढे शेड्यूल कागदावर येणार नाही. सुरुवातीला विनंती, मग मुदत, मग मुदतीनंतर धंदा नाही.

वर्कशॉपवाल्याने काय केले? त्याने एक पीसी घेतला, मोडेम घेतला, जाळ्याची वर्गणी भरली. रोज सकाळी पेटीतून संदेश उचलायचे, छापायचे, कागद फाडून घ्यायचा आणि त्यावरून आपल्या हिशेबाच्या यंत्रात किंवा वहीत हाताने पुन्हा लिहायचे. अमेरिकी कारखान्यांत याला 'रिप अँड रीड' असे नावच पडले होते, फाडा आणि वाचा. मोठ्या कंपनीच्या बाजूने पाहिले तर तो पुरवठादार इलेक्ट्रॉनिक झाला होता. त्याच्या बाजूने पाहिले तर पूर्वी पोस्टमन जो कागद फुकट आणून देई, तोच आता पैसे भरून आपल्याच छपाईयंत्रावर काढावा लागत होता. त्यातून त्याचे एक गिऱ्हाईक फोर्ड आणि दुसरे शेतीची अवजारे बनवणारे असेल तर दोघांच्या ८५० मध्ये फरक. नमुना प्रमाण, पण त्यातले कोणते रकाने भरायचे आणि कोणते मोकळे सोडायचे हे प्रत्येक बडी कंपनी आपल्या जाडजूड मार्गदर्शिकेत ठरवी.

१९९५ मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली' या एकाच संशोधनपत्रिकेत, काही महिन्यांच्या अंतराने, या गोष्टीच्या दोन्ही बाजू छापून आल्या. पहिला शोधनिबंध त्रिदास मुखोपाध्याय, सुंदर केकरे आणि सुरेश कलथुर यांचा. त्यांनी क्रायस्लरच्या जुळणी कारखान्यांतल्या सुमारे दशकभराच्या आकड्यांवरून हिशेब मांडला: माहिती नीट आणि वेळेवर मिळाल्यामुळे मोटारीमागे सुमारे ६० डॉलर वाचले, कागदपत्रांचा वाचलेला खर्च धरला तर १०० डॉलरच्या वर, आणि कंपनीभर मिळून वर्षाला २२ कोटी डॉलर. ईडीआयने फायदा होतो हे तोवर सगळे म्हणत होते. या तिघांनी तो कारखान्याच्या आकड्यांतून दाखवला. दुसरा निबंध कॅनडातला, याकोव्हू, बेनबसात आणि डेक्स्टर यांचा. त्यांनी सात छोट्या संस्थांचा अभ्यास केला. छोटे व्यावसायिक ईडीआय का घेतात, याची तीन कारणे त्यांनी तपासली: दिसणारा फायदा, आपली तयारी आणि बाहेरचा दबाव. छोट्यांच्या बाबतीत मोठे कारण दबाव हेच होते, आणि तयारी नसलेल्याच्या पदरात फायदा फारसा पडत नव्हता.

हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यातले २२ कोटी क्रायस्लरच्या वहीतले आहेत. पुरवठादारांनी घेतलेले पीसी, मोडेम, वर्गण्या आणि दुबार टंकलेखन त्या वहीत कुठेही दिसत नाही, दिसायचे कारणही नाही. ईडीआयचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण पहिल्या वहीवर थांबतात. मला ते अन्यायाचे वाटते. ज्या धंद्यात शेवटचा नट वर्कशॉपमधून येतो, तिथे वर्कशॉपची वही उघडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

दुकानदारीतही थोड्याफार फरकाने हेच झाले. किराणा मालाच्या अमेरिकी व्यापाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला नमुना तयार केला, पाठोपाठ सीअर्स, केमार्ट आणि वॉलमार्टने पुरवठादारांना त्यात ओढले. वॉलमार्टने २००२ मध्ये पुढचे पाऊल टाकले आणि पुरवठादारांनी संदेश थेट इंटरनेटवरून, एएस-२ या पद्धतीने पाठवावेत असा आदेश काढला. हजार अक्षरांवर आकार घेणाऱ्या जाळ्यांचे दिवस तिथून फिरले. छोट्यांचा भार हलका होण्यात या आदेशाचा वाटा मोठा आहे, तो आदेशच होता हे मान्य करूनही.

युरोपची कथा वेगळी. ब्रिटनमध्ये ट्रेडाकॉम्स, मोटारधंद्यात ओडेट, जर्मनीच्या मोटारकारखान्यांत व्हीडीए, असे नमुने आधीच रुजलेले. अटलांटिकच्या एका काठावर एक्स-१२, दुसऱ्या काठावर हे सगळे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने दोन्ही काठांवरच्या तज्ज्ञांना एकत्र बसवले आणि त्यातून एडिफॅक्ट हा नमुना आला. त्याचे व्याकरण १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले. जगातले बहुतेक देश त्याच्याकडे गेले. अमेरिका एक्स-१२ सोडायला तयार झाली नाही आणि आजही बव्हंशी तिथेच आहे. ज्यांनी एक नमुना जगाला शिकवला त्यांच्याच वारसांनी जगाचे दोन नमुने करून ठेवले.

कायद्याला मात्र वेळ लागला. करार म्हटला की लेखी हवा, सही हवी. तारका आणि अंकांच्या ओळीला कोर्ट ऑर्डर मानेल का, हा प्रश्न वकिलांना अनेक वर्षे छळत होता. तोवर कंपन्या आधी एक कागदी करार करत आणि त्यात लिहीत की यापुढचे आमचे इलेक्ट्रॉनिक संदेश आम्हाला बंधनकारक. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये आदर्श कायदा दिला, आणि त्याच्याच आधाराने भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला.

आशियात खरी मुसंडी मारली सिंगापूरने. १९८५ च्या मंदीने त्या बंदरावर जगणाऱ्या शहराला हादरवले होते आणि हाँगकाँगची स्पर्धा डोक्यावर होती. सरकारने कंपन्यांवर न सोडता स्वतःच पुढाकार घेतला आणि १ जानेवारी १९८९ रोजी ट्रेडनेट सुरू केले. आयात-निर्यातीच्या परवान्यासाठी निरनिराळ्या खात्यांत निरनिराळे फॉर्म भरावे लागत. त्या जागी एकच इलेक्ट्रॉनिक अर्ज आला. ज्या मंजुरीला दोन ते चार दिवस लागत ती पंधरा मिनिटांत मिळू लागली.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाले. क्रेन नव्या होत्या, धक्के नवे होते. पण माल सोडवायची रीत बॅलार्ड इस्टेटमधल्या कस्टम हाउसचीच. कस्टम्स एजंटाचा माणूस बगलेत फाइल घेऊन बिल ऑफ एंट्री नोंदवायला उभा, मग ते अप्रेझरच्या टेबलावर, तिथून वरच्या साहेबाकडे, तिथून परत, ड्युटी भरायला बँकेत, मग तपासणीला. कंटेनर तोवर बंदरात पडून आणि भाडे चालू. १९९१ नंतर आयात-निर्यात वाढली तसे हे आणखीच जाचक झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने कस्टम्ससाठी आइसेस ही ईडीआय पद्धत तयार केली. १९९५ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि पुढे न्हावा शेवा, मुंबईसह इतर बंदरांत आणि विमानतळांवर आली.

सुरुवातीची काही वर्षे आपल्याकडेही 'फाडा आणि वाचा'चाच एक प्रकार चालला. एजंट कागद भरून कस्टम्सच्या सेवा केंद्रावर नेई, तिथला डेटा एंट्री ऑपरेटर तो टाइप करी, यंत्र चेकलिस्ट छापी, एजंट ती खाली-वर तपासून सही करी, मगच दाखल. नंतर आइसगेट हे कस्टम्सचे पोर्टल आले आणि एजंटाला आपल्या कचेरीतून बिल दाखल करता येऊ लागले. आज न्हावा शेव्यात काम करणाऱ्या तरुण मुलाला 'आऊट ऑफ चार्ज' हा माल सुटल्याचा शेरा पडद्यावर पाहायची सवय आहे. त्याच्या आधीच्या पिढीने तो मिळवण्यासाठी अख्खे दिवस बाकावर काढले आहेत. या बदलाचे श्रेय देताना सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबरोबर त्या कारकुनांना आणि एजंटांनाही दिले पाहिजे, ज्यांनी कागद आणि पडदा असा दुहेरी कारभार वर्षानुवर्षे ओढला.

देशांतर्गत व्यापार तर याहून मागे होता. मुलुंडच्या, दहिसरच्या जकात नाक्यावर ट्रकची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ट्रकमध्ये काय आहे हे पाठवणाऱ्याच्या संगणकाला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत, आणि नाक्यावरचा माणूस मात्र चालकाने खिडकीतून दिलेल्या बिलांच्या गठ्ठ्यावरून ते पुन्हा लिहून काढतो आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले: गाडी हलण्याआधी मालाची माहिती सरकारी यंत्रणेत. मग १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. बिल ठरलेल्या एकाच नमुन्यात पोर्टलवर चढवायचे, तिथून त्याला ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो, तो नसेल तर ते बिलच नव्हे. उलाढालीची मर्यादा एकेक पायरी खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली इथल्या बऱ्याच लघुउद्योजकांपर्यंत.

सरकारने हे कर बुडू नये म्हणून केले, व्यापाराच्या सोयीसाठी नव्हे. तरीही परिणाम मोठा आहे. अमेरिकेत समित्या, संघटना आणि डेट्रॉइटचा धाक मिळूनही बिलाचा एकच एक नमुना साऱ्या धंद्यांत आला नाही. भारतात तो तीन वर्षांत, कराच्या वाटेने आला, आणि टॅलीपासून सॅपपर्यंत सगळ्या सॉफ्टवेअरना तो बोलता येतो.

पण हे झाले बिलाचे. ऑर्डर, शेड्यूल आणि माल निघाल्याची वर्दी म्हणजे एएसएन अजून जिथल्या तिथेच आहे. चाकणचा वेंडर चार मोठ्या कंपन्यांना माल देत असेल तर त्याच्या डिस्पॅचच्या मुलाला चार पोर्टलांचे चार पासवर्ड सांभाळावे लागतात. प्रत्येकावर शेड्यूल वेगळ्या रकान्यांत, एएसएन वेगळ्या पद्धतीने, लेबल वेगळ्या मापाचे. तो मुलगा एका पडद्यावरून वाचून दुसऱ्या पडद्यावर टाइप करतो. चुकला तर गाडी गेटवर अडते आणि दंड वेंडरच्या नावे पडतो.

यावर उपाय शोधायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. नमुने तयार आहेत, ते चार दशके वापरात आहेत. मराठा चेंबर या उद्योजकांच्या मंडळाने, सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेने आणि मोटारकंपन्यांनी एका टेबलाशी बसून शेड्यूल आणि एएसएन यांचा एक सामाईक नमुना ठरवावा आणि तो प्रत्येक पोर्टलने स्वीकारावा. आणि हे बसवण्याचा खर्च या वेळी खरेदीदार कंपन्यांनी उचलावा, कारण बचत आधी त्यांच्याच खात्यावर जमा होते.